एका हृदयाच्या दोन भाषा

दोघांचे भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिची एक जुळी बहीण असायला हवी होती. ती मात्र कोणी रचली नाही. दोघांचा अबोला आणि तिसऱ्याचे नुकसान. भांडणाला निदान आवाज तरी असतो. चार लोक जमतात, कोणीतरी मध्ये पडतो, मिटवामिटव होते. अबोल्याला साक्षीदार नसतो. ज्यांच्यात अबोला आहे त्यांनाही पुष्कळदा त्याचा पत्ता नसतो. कारण ते एकमेकांवर रागावलेले नसतात, फक्त एकमेकांच्या अंगणात कधी गेलेले नसतात.

अशाच एका अबोल्याचा विचार या लेखात करायचा आहे. एका बाजूला रुग्णाच्या छातीला नळी लावून ऐकणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या, धातू, पेशी आणि आकडे यांच्यात रमलेला शास्त्रज्ञ, आणि दोघांच्या मध्ये मुठीएवढे हृदय. मिनिटाला सरासरी ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक आणि वर्षाला पावणेचार कोटींहून अधिक वेळा ते मिटते, उघडते. त्याला रविवार नाही आणि दिवाळीची सुट्टीही नाही. या हृदयाच्या दुखण्यावर उपाय शोधण्यासाठी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र यावे, असे सगळेच म्हणतात. सभा-संमेलनांतून तसे ठरावही होतात. परंतु एकत्र येणे ही सोय आहे, की कर्तव्य? सोय असेल तर जमले तेव्हा करावी, न जमले तर सोडून द्यावी. त्यात दोष कोणाचाच नाही. कर्तव्य असेल तर मात्र एकत्र न येणे हा दोष ठरतो, आणि तो कोणाच्या तरी पदरात घालावा लागतो. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. ते का, हे क्रमाने सांगतो.

मी हायस्कूलचा मुख्याध्यापक आहे. डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच, की मी बऱ्हाणपूरचा आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी, बाजारात निमाडी, शेजारी उर्दू, आणि रावेर-भुसावळकडचा पाहुणा आला की जिभेला आपोआप खानदेशी वळण. आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांचा जन्मच दोन भाषांच्या उंबरठ्यावर जातो. एकच गोष्ट दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी कशी ऐकली जाते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. शाळेत 'शिक्षा' या शब्दाने हिंदी भाषक पालक खूश होतो आणि मराठी पालक दचकतो, हा अनुभव आमच्याकडे रोजचा.

पण प्रत्येक वेळी प्रकरण हसण्यावारी जात नाही. काही वर्षांपूर्वी मावशीला घेऊन आम्ही एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर तरुण, हिंदी भाषक, कामाला तत्पर. मावशी म्हणाली, "छातीत कळ येते हो." डॉक्टरांनी विचारले, "कल से? या आज भी है, माताजी?" मावशी म्हणाली, "काल नाही, कळ!" हिंदीच्या कानाला 'ळ' परका. 'कल नहीं' एवढेच त्यांच्या कानी पोहोचले. म्हणजे दुखणे आजचेच, बहुधा वायूचे, अशा समजुतीने ते गोळी लिहू लागले. तेवढ्यात माझी मावसबहीण पुढे झाली. म्हणाली, "डॉक्टरसाहब, कळ मतलब टीस. तीन हफ्ते से, जब भी सीढ़ी चढ़ती हैं, तब उठती है." डॉक्टरांचे पेन थांबले. लगेच कार्डिओग्राम काढला गेला आणि त्याच संध्याकाळी मावशीला जळगावला हलवले. ती वाचली.

या प्रसंगात वाईट कोणीच नव्हते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मावशीजवळ ज्ञान होते: आपल्या छातीत काय होते, केव्हा होते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? डॉक्टरांजवळही ज्ञान होते: त्या लक्षणाचा अर्थ काय, हे त्यांना उत्तम कळत होते. दोन ज्ञानांच्या मध्ये एका अक्षराचे अंतर राहिले होते. मात्र त्या अक्षराची किंमत डॉक्टरांना भरावी लागली नसती. ती मावशीला भरावी लागली असती. माझ्या सगळ्या म्हणण्याचे सार या एका वाक्यात आहे. अज्ञान एकाचे असते आणि त्याची किंमत भरणारा दुसराच असतो. म्हणून ते अज्ञान दूर करणे हा माझ्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

आता डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांच्याकडे वळू. हे दोघे एकच शब्द वापरतात आणि त्यांतून वेगवेगळे अर्थ काढतात. 'यश' हाच शब्द घ्या. रसायनशास्त्रज्ञाचे यश म्हणजे बशीत उतरलेला शुद्ध स्फटिक. डॉक्टरचे यश म्हणजे महिन्यापूर्वी उशांना टेकून रात्र काढणारा माणूस आज जिना चढून वर आला. 'पुरावा' म्हटले की शास्त्रज्ञाला शेकडो नोंदी दिसतात. डॉक्टरसमोर एकच माणूस बसलेला असतो आणि त्या माणसाला सरासरीशी काही देणेघेणे नसते. पण सर्वांत मोठा फरक 'वेळ' या शब्दात आहे. घाई हा शास्त्रज्ञाचा दुर्गुण. त्याने थांबावे, तपासावे, पुन्हा करून पाहावे. डॉक्टरला थांबणे पुष्कळदा परवडत नाही. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला 'संशोधन पूर्ण झाल्यावर या' असे सांगता येत नाही. एकाचा सद्गुण तो दुसऱ्याचा दुर्गुण, अशी ही जोडी. त्यांच्यात संवाद आपोआप होईल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

तो न झाल्यास काय होते, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. आमच्या बऱ्हाणपुरात आयुर्वेदाचे महाविद्यालय आहे आणि युनानी तिब्बिया महाविद्यालयही आहे, त्यामुळे वैद्य आणि हकीम हे दोन्ही शब्द आम्हाला घरचे. सर्पगंधा ही वनस्पती या दोघांनाही परिचित. सापाच्या विषावर, तापावर, झोप न येण्यावर तिची मुळी पिढ्यान् पिढ्या दिली जाई. बिहारकडे तर तिला 'पागल की दवा' असेच नाव पडले होते.

१९३१ हे साल या मुळीच्या चरित्रात मोठे. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने सर्पगंधेच्या मुळीतून औषधी द्रव्ये वेगळी काढली. एकाला त्यांनी 'अजमलिन' असे नाव दिले, कारण ते कॉलेज उभे करणारे हकीम अजमल खान हे होते. जर्मनीत शिकून आलेल्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या शोधाला एका हकिमाचे नाव द्यावे, यातला विनय मला त्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो. हे अजमलिन आजही हृदयाच्या एका विशिष्ट, अचानक प्राण घेणाऱ्या विकाराचे निदान करण्यासाठी जगात वापरले जाते. त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी, सर्पगंधेने चित्तभ्रमच नव्हे तर वाढलेला रक्तदाबही उतरतो, असा निबंध प्रसिद्ध केला. गणनाथ सेन हे कविराज होते आणि आधुनिक वैद्यकाची पदवीही त्यांच्याजवळ होती. म्हणजे एकाच देहात दोन भाषा नांदत होत्या.

आता पाहा. दिल्लीत द्रव्य हाती आले होते, कलकत्त्यात गुण हाती आला होता. साल एक, देश एक. तरीही जगातल्या हृदयतज्ज्ञांच्या कानावर ही गोष्ट जायला १९४९ साल उजाडले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपली निरीक्षणे त्या वर्षी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केली. वकिलांनी नवी वनस्पती शोधली नव्हती, नवे द्रव्यही काढले नव्हते. त्यांनी केले ते वेगळेच. औषध देण्यापूर्वी रक्तदाब किती, दिल्यावर किती, कोणाला गुण आला, कोणाला त्रास झाला, हे त्यांनी शास्त्रज्ञाच्या भाषेत नीट मांडले. एका भाषेतले शहाणपण त्यांनी दुसऱ्या भाषेत नेले. ते वाचून अमेरिकेत बोस्टनचे डॉ. विल्किन्स यांनी सर्पगंधा आपल्या रुग्णांना देऊन पाहिली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य, रिसर्पिन, वेगळे काढले. पुढे १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

मधली ही अठरा वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर जगात कोठेही म्हणण्यासारखे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रुझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. शेवटच्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाजवळ, आहार आणि विश्रांती यांपलीकडे, फारसा उपाय नव्हता. सर्पगंधेने ते वाचले असते असे मी म्हणत नाही. पण त्याच वेळी कलकत्त्यात ती मुळी रक्तदाबावर दिली जात होती, हेही खरे. या अठरा वर्षांत कोणी खोटे बोलले नाही, कोणी काही लपवले नाही. प्रत्येक जण आपल्या अंगणात प्रामाणिकपणे काम करत राहिला. तरी पण नुकसान झाले, आणि ते त्यांच्यापैकी कोणाचेच झाले नाही.

सर्पगंधेची गोष्ट येथे संपत नाही. तिचा उत्तरार्ध अधिक विचार करायला लावणारा आहे. रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण ते खिन्न दिसू लागले. जेवणात लक्ष नाही, कामात मन नाही. हा संबंध किती पक्का, यावर पुढे वादही झाला. परंतु काही डॉक्टरांनी ती तक्रार 'वयामुळे होते' म्हणून झटकली नाही, लिहून ठेवली. इकडे प्रयोगशाळांतून रिसर्पिन मेंदूत काय करते, याचा शोध सुरू झाला होता. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की रिसर्पिनमुळे सेरोटोनिन नावाचे द्रव्य कमी होते. १९५७ मध्ये स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले, आणि ते ससे पुन्हा हालचाल करू लागले. याच वाटेने पुढे कंपवातावरचे औषध आले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज रिसर्पिन फारसे वापरले जात नाही, त्याहून चांगली औषधे आली आहेत. पण त्या मुळीने हृदयाकडून मेंदूकडे जाणारा रस्ता दाखवला. म्हणजे ज्ञान प्रयोगशाळेतून दवाखान्याकडे उतारावरून वाहत येते, हा आपला समज अर्धाच खरा आहे. ते दवाखान्यातून प्रयोगशाळेकडे चढही चढते. रुग्णाची कुरकुर हादेखील संशोधनाचा कच्चा माल असतो.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण. तेही मुंबईचेच. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी पहिले हृदयरोपण केले त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांनी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे कुत्र्यांवर करून हात बसवला होता. उत्साहाच्या भरात केलेले ते साहस नव्हते. तरी रुग्ण काही तासच जगला. त्या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण फार काळ जगले नाहीत. शल्यचिकित्सकाचा हात जेथे पोहोचला होता तेथे जीवशास्त्र अजून पोहोचले नव्हते. परके हृदय शरीर का नाकारते आणि त्याला कसे समजवावे, हे कोडे सुटले नव्हते. ते सोडवण्यास मदत झाली ती शस्त्रक्रियागृहाबाहेर, मातीतल्या एका बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरीन या औषधामुळे. ते १९८० च्या दशकात वापरात आले, तेव्हा हृदयरोपण पुन्हा मार्गी लागले. आपल्या देशात यशस्वी हृदयरोपण झाले ते ३ ऑगस्ट १९९४ रोजी, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. वेणुगोपाल यांच्या हातून. मधली सव्वीस वर्षे कौशल्याची नव्हती. ती दुसऱ्या अर्ध्याची वाट पाहण्याची होती.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली तर काय दिसते? पहिल्यात द्रव्य आणि गुण दोन्ही हाताशी होते, पण त्यांची गाठ पडली नाही. दुसऱ्यात हात तयार होता, पण जोडीदार यायचा होता. दोन्हीकडे जे काही जुळले ते योगायोगाने, एखाद्याने एखादा लेख वाचल्यामुळे. माणसाचे प्राण योगायोगावर सोपवणे योग्य आहे का?

तसे सोपवायचे नाही, असे ठरवून केलेले कामही आपल्या देशात झाले आहे. गरिबाघरच्या मुलांचा घसा वारंवार धरतो, मग सांधे सुजतात, ताप येतो आणि जातो. त्या तापाची आठवण हृदयाच्या झडपांवर मागे राहते. पुढे काही वर्षांनी कवायतीच्या मैदानावर दोन फेऱ्यांत तोंड काळवंडून खाली बसणारे मूल मास्तरांना दिसते. माझ्या नोकरीत अशी मुले मी पाहिली आहेत. झडप फारच बिघडली तर बदलावी लागते, आणि एके काळी ती परदेशातूनच येई. तिची किंमत पॉवरलूमवर काम करणाऱ्या बापाच्या आवाक्यातली नव्हती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतले शल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांनी झडप देशातच बनवायचे मनावर घेतले. त्यांनी शल्यचिकित्सक, अभियंते, धातू आणि प्लास्टिक यांचे जाणकार, जनावरांवरील प्रयोग सांभाळणारे पशुवैद्यक, अशांना एकाच संस्थेत एका कामाला जुंपले.

काम सरळ झाले नाही. एकामागून एक तीन नमुने बाद झाले. तिसऱ्यात उघडझाप करणारी चकती कृत्रिम नीलमण्याच्या स्फटिकाची होती. कठीण, चकचकीत, न झिजणारी. प्रयोगशाळेच्या भाषेत ते यशच होते. पण झडप बसवलेल्या मेंढ्यांपैकी एक तीन महिन्यांनी दगावली, आणि पाहिले तर ती चकती तुटलेली. अभियंत्याच्या टेबलावर जे शंभर नंबरी होते ते धडधडत्या हृदयात नापास झाले. मग चकतीसाठी कठीण स्फटिक सोडून एक चिवट, साधे दिसणारे प्लास्टिक निवडले गेले. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. त्यानंतर एक लाखाहून अधिक रुग्णांना ती मिळाली. वलियाथन २०२४ मध्ये वारले. उतारवयात त्यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहिले, हेही त्यांच्या वृत्तीला धरूनच झाले. एकदा उंबरठा ओलांडायची सवय लागली की माणूस एकाच उंबरठ्यावर थांबत नाही.

मेलेल्या त्या मेंढीपाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. अभियंता वेगळ्या शहरात असता तर त्याला एक पत्र गेले असते: 'आपली चकती तुटली.' त्याने उत्तर पाठवले असते: 'बसवताना चूक झाली असावी.' दोन्ही पत्रे सभ्य भाषेत असती आणि काम वर्षभर मागे पडले असते. एकाच संस्थेत असल्यामुळे तुटलेली चकती सगळ्यांच्याच टेबलावर आली. एकत्र काम करण्याचा नैतिक अर्थ मला येथे सापडतो. दोष ढकलायला जागाच उरत नाही.

यावर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की सगळ्यांनी सगळे शिकायचे ठरवले तर कोणालाच काही नीट येणार नाही. हे खरे आहे. पण मी डॉक्टरने धातुशास्त्र शिकावे असे म्हणत नाही. माझ्या मावसबहिणीला हिंदीचे व्याकरण येत नाही. 'कळ'ला 'टीस' म्हणायचे एवढे तिला ठाऊक होते. दुसऱ्याच्या भाषेत आपली अडचण सांगता यावी आणि त्याची अडचण आपल्याला ऐकता यावी, एवढेच पुरे.

दुसरा आक्षेप अधिक कडू आहे. दोघे एकत्र आले म्हणजे तिसऱ्याचे भले होतेच असे नाही. कधी कधी दोघांचे गूळपीठ जमते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बसवायच्या स्टेंटचे प्रकरण आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. विज्ञान आणि वैद्यक यांच्या सहकार्याचे ते सुंदर फळ. पण कारखान्यातून रुग्णापर्यंत येताना त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढत असे. औषध लावलेल्या स्टेंटसाठी लाखाच्या वर रुपये मोजावे लागत. अखेर फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने कमाल किंमत बांधून दिली: साध्या स्टेंटला ७,२६० रुपये, औषध लावलेल्याला २९,६०० रुपये, अधिक कर. म्हणजे दोघे बोलतात की नाही, एवढी कसोटी पुरेशी नाही. ते बोलत असताना तिसऱ्यासाठी खुर्ची ठेवली आहे का, हे पाहावे लागते. वकिलांच्या वहीत आणि त्या मेंढीच्या टेबलाशी ती खुर्ची होती. किंमत ठरवणाऱ्यांच्या बैठकीत ती काढून घेतली गेली.

हत्ती आणि सहा आंधळे ही गोष्ट आम्ही शाळेत सांगतो. कोणाला तो खांब वाटतो, कोणाला सूप, कोणाला दोर. तात्पर्य असे सांगतात, की प्रत्येकाचे सत्य अर्धे असते, म्हणून दुसऱ्याला खोटे म्हणू नये. तात्पर्य चांगले आहे, पण अपुरे आहे. त्या गोष्टीतला हत्ती आजारी नव्हता. आंधळ्यांनी दिवसभर वाद घातला तरी त्याचे काही बिघडणार नव्हते. हत्ती आजारी असता, खाली पडून धापा टाकत असता, तर 'तुझेही खरे, माझेही खरे' म्हणून सहिष्णुतेने घरी जाणे हा गुन्हा ठरला असता. तेव्हा प्रत्येकाने आपला तुकडा दुसऱ्याच्या तुकड्याला लावून पाहणे हे त्यांचे कर्तव्य झाले असते. ज्ञान अर्धे असणे हा कोणाचा दोष नाही. समोर दुखणाईत असताना ते अर्धेच ठेवणे, हा आहे.

आता माझ्या स्वतःच्या अंगणाकडे येतो. दहावीचा निकाल लागला की पालक विचारायला येतात, "सर, मॅथ्स घ्यावे की बायो?" सोळाव्या वर्षी आपण मुलांच्या दोन रांगा करतो. एक रांग इंजिनियर होणार, तिला पुन्हा कधी शरीराचे चित्र काढावे लागणार नाही. दुसरी डॉक्टर होणार, तिला गणित सुटल्याचा आनंद होतो. आणि पंचवीस वर्षांनी आपण अपेक्षा करतो, की या दोघांनी एका हृदयाभोवती बसून एकमेकांचे बोलणे समजून घ्यावे. अबोल्याची पहिली वीट दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत बसत नाही. ती आमच्या शाळेच्या कार्यालयात, प्रवेशाच्या फॉर्मवर बसते. रांगा मोडता येणार नाहीत, हे मला कळते. पण बायोच्या मुलीने हृदयाचे ठोके मोजून त्यांचा आलेख काढावा, आणि मॅथ्सच्या मुलाने एकदा तरी सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून तेथे लोक काय बोलतात ते ऐकावे, यासाठी कोणत्या मंडळाची परवानगी लागत नाही. आपल्या घरांतली मुले तर या कामी दोन पावले पुढे आहेत. आजीचे मराठी डॉक्टरांना हिंदीत सांगण्याचे काम ती दहाव्या वर्षापासून करत आली आहेत. आपण ते काम किरकोळ समजतो.

बऱ्हाणपूरला येणारा पाहुणा आम्ही कुंडी भंडाऱ्यावर नेतो. खानखानाच्या अमदानीत, १६१५ च्या सुमारास बांधलेली ही पाण्याची व्यवस्था. वरून पाहिले तर माळावर एकापुढे एक शंभरावर कुंड्या, प्रत्येकीचे तोंड वेगळे. परका माणूस म्हणेल, एवढ्या विहिरी कशाला? खाली उतरले की कळते, की त्या विहिरी नाहीतच. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या एकाच बोगद्याने गावाकडे येते. कुंड्या आहेत त्या हवा आणि उजेड आत सोडण्यासाठी, आणि माणसाला साफसफाईसाठी उतरता यावे म्हणून. हकीम, वैद्य, रसायनशास्त्रज्ञ, शल्यचिकित्सक, अभियंता ही वरची तोंडे आहेत. आपल्या कुंडीत डोकावणाऱ्याला आपले पाणी स्वतंत्र वाटते, यात नवल नाही. पण मध्ये एक जागा बुजली तर पलीकडच्या कुंड्या कोरड्या पडू लागतात, आणि तहानलेला राहतो तो गाव. कुंडी खोदणारा त्या वेळी दुसरीकडे कोठेतरी, आपल्या कामावर समाधानी असतो.